चार बोटं वाळू

१

रोज सकाळी चहाच्या आधी फौजदाराला सलाम करायचा, असा पाटणकरांच्या घरात नियम होता. केला होता सुधाकररावांनी आणि पाळतही तेच होते. त्यांची बायको साधना त्या वेळी पाठ फिरवून गॅसपाशी उभी असायची. "दात विचकणाऱ्या माशाचं तोंड मी सकाळी सकाळी बघणार नाही," असं तिचं म्हणणं होतं.

दात मात्र खरेच होते. फौजदार हा वुल्फ सिक्लिड जातीचा नर. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा लांब, अंगावर निळसर चांदीची झाक, मधूनमधून काळे डाग, खालचा जबडा पुढे आलेला आणि त्यात कुत्र्यासारखे सुळे. दूर देशातल्या नद्यांचा हा वाघ जयपूरच्या मानसरोवर भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हॉलची अख्खी भिंत व्यापणाऱ्या टँकमध्ये राहत होता. सुधाकरराव स्टुलावर चढून झाकण उचलायचे, चिमट्यात कोळंबी धरायचे आणि "सलाम, फौजदार!" म्हणायचे. पाणी फाटल्यासारखा आवाज व्हायचा, चष्म्यावर शिंतोडे यायचे आणि चिमटा रिकामा. दर वेळी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं आणि दर वेळी ते पोरासारखे हसायचे.

हे हसू साधनाला पाहायला आवडायचं, म्हणूनच तिने फ्रीजरमधला कोळंबीचा डबा सहन केला होता. सुधाकरराव मूळचे कराडचे. केंद्राच्या भूजल खात्यात लागले, बदली होऊन राजस्थानात आले आणि इथेच राहिले. सगळी नोकरी विहिरींचं पाणी मोजण्यात गेली. निवृत्त झाले आणि गडी मिटला. पेपर वाचून झाला की खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहायचे. मुलगी अवनी पुण्याहून फोन करायची, तिच्याशीही दोनच वाक्यं बोलायचे. अशात जयपुरातच विद्याधर नगरात राहणारा निनाद नावाचा, एका कंपनीत नोकरी करणारा मुलगा हैदराबादला निघाला. महाराष्ट्र मंडळातली ओळख. त्याने आपली ही लाडकी जोडी टँकसकट काकांच्या गळ्यात मारली. आणि काका उठून उभे राहिले.

ज्या खाऱ्या बोरिंगच्या पाण्याला सगळी सोसायटी नावं ठेवायची, ते या माशांना मानवलं. फौजदारीण तर हळदीसारखी पिवळी झाली. एका सकाळी सलाम करायला गेलेले सुधाकरराव स्टुलावरूनच ओरडले, "साधना! अगं ये लवकर! अंडी घातलीत!"

२

उपड्या कुंडीवर साबुदाण्यासारखी अंडी चिकटली होती. फौजदारीण त्यांच्यावर पंखांनी वारा घालत होती आणि फौजदार काचेसमोर येऊन कल्ले फुगवत होता. सुधाकररावांनी तिथूनच निनादला फोन लावला.

"सही, काका!" निनाद तिकडून ओरडला. "माझ्याकडे कधीच जमलं नाही यांचं. आता बघा, पिल्लं निघाली की ते वाळूत खड्डा खणतील आणि पिल्लांना तोंडात धरून त्यात नेऊन ठेवतील. वाळू किती आहे?"

"चार बोटं."

"मतलब भरपूर आहे."

झालंही तसंच. दोन-तीन दिवसांत पिल्लं निघाली आणि दोन्ही मासे टँकच्या डाव्या कोपऱ्यात कामाला लागले. तोंडात वाळू भरायची, थोडं दूर जायचं, थुंकायची, परत यायचं. सुधाकररावांनी खुर्ची टँकसमोर आणली. साधनाने नाश्त्याचे पोहे तिथेच दिले आणि स्वतःही थोडा वेळ उभी राहिली. "मजुरी करतात हो बिचारे," ती म्हणाली. तिच्या तोंडून माशांसाठी निघालेला हा पहिला बरा शब्द. सुधाकररावांना केवढा आनंद झाला.

दुसऱ्या सकाळी सलाम करताना त्यांना काहीतरी खटकलं. खड्ड्याशेजारी वाळूचा ढीग होता, तो रात्रीत जवळजवळ टँकच्या निम्म्या उंचीला आला होता. ते चिमटा हातात धरून बघत राहिले. जन्मभर खणलेल्या जागा पाहिलेला हा माणूस. खड्ड्यातून जेवढं निघतं तेवढाच बाहेर ढीग होतो, हा हिशेब त्यांच्या अंगात मुरलेला होता. खड्डा ताटलीएवढा, खोली चार बोटं. त्यातून पसाभर वाळू निघेल. आणि ढीग तर बादलीभर होता.

"बाकीकडची ओढून आणली असणार," ते स्वतःशी म्हणाले. पण बाकी सगळीकडे वाळू जशीच्या तशी, सपाट, चार बोटं होती.

३

ढिगातली चिमूटभर वाळू त्यांनी तळहातावर घेतली आणि खिडकीपाशी उजेडात नेली. मेट्रो नुकतीच पुलावरून गेली होती, तावदानं अजून थरथरत होती. 

त्यांनी स्वतः धुऊन घातलेली वाळू पांढरी होती. ही तांबूस, बारीक, वाऱ्याने वाहून आणलेली. ढिगात हात घालून त्यांनी आणखी काढली. तीत चुनखडीचे पांढरे खडे होते. सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांत शेवटी बाहेर आलेला थर चमचमत होता. अभ्रक. बोटांना चिकटलेल्या त्या चकाकत्या कपच्यांकडे बघून त्यांना हसू आवरेना.

"साधना, या लोकांनी बोअर मारलाय!"

"काय मारलंय?"

"अगं, जयपुरात कुठेही खणलं की हाच क्रम लागतो. आधी वाऱ्याची वाळू, मग हे खडे, मग अभ्रकाचा खडक. मी हजारदा पाहिलंय. आपल्या टँकमधून निघतंय हे!"

साधनाने त्यांच्या तळहाताकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. "अहो, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो," ती म्हणाली.

ते खरंच होतं. सुधाकरराव टॉर्च घेऊन जमिनीवर उताणे झाले आणि लोखंडी स्टँडखाली सरकले. खालून टँकचा तळ स्वच्छ दिसत होता. काचेला टेकलेली पांढरी वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. डाव्या कोपऱ्यातसुद्धा. त्यांनी तिथे बोटाने टकटक केलं. भरीव आवाज आला. मग उठून ते स्टुलावर चढले आणि वरून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात काळंभोर भोक होतं आणि त्याचा तळ दिसत नव्हता.

पाणी डोळ्यांना फसवतं, ते स्वतःला म्हणाले. लगेच त्यांना आठवलं की पाणी फसवतं ते उलट. पाण्यात खोल वस्तू उथळ दिसते, उथळ वस्तू खोल दिसत नाही. हे त्यांनी नव्या पोरांना किती वेळा शिकवलं होतं.

चप्पल घालून ते खाली पहिल्या मजल्यावर शेखावत मॅडमकडे गेले. म्हणाले, वर पाणी सांडलंय, तुमच्या छताला ओल आली का बघू. मॅडमनी हॉल दाखवला. नेमक्या त्या जागी कोरडं पांढरं छत होतं आणि त्याला पंखा फिरत होता.

"सब ठीक है ना, पाटणकरजी? बड़े खुश लग रहे हैं आज," मॅडम म्हणाल्या.

"बहुत ठीक," सुधाकरराव म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या चढत वर आले. या वयात, दुखऱ्या गुडघ्यानिशी.

४

माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची जुनी फीत होती. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी आठवण म्हणून ठेवू दिलेली. चाकावर गुंडाळलेली लांबलचक पोलादी पट्टी आणि टोकाला पितळी वजन. तिचा तेलकट वास आला तशी त्यांना नागौरकडची उन्हं आठवली, जीपची धूळ आठवली. विहिरीच्या काठावर पालथं पडून खाली ओळंबा सोडणं आठवलं.

माशांच्या आणि खड्ड्याच्या मध्ये त्यांनी प्लास्टिकची जाळी सरकवली. फौजदार सुळे दाखवत जाळीला धडका देऊ लागला. पिल्लं अजून कुंडीपाशीच होती, म्हणजे तो त्यांच्यासाठी भांडत नव्हता. सुधाकररावांनी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. त्यांनी वजन भोकात सोडलं.

वजन गेलं. चाक किरकिर करत फिरू लागलं. टँकची उंची संपली, स्टँडची उंची संपली, शेखावत मॅडमचा पंखा मागे पडला असावा, तरी चाक फिरतच होतं. सुधाकरराव मोठ्याने हसत होते. "जा, जा," ते म्हणत होते, "जा बाळा."

आणि एकाएकी फीत जड झाली.

ते हसायचे थांबले. हा बदल त्यांच्या बोटांना पाठ होता, फक्त उलटा. पाण्यात बुडालेलं वजन हलकं लागतं. पाण्याबाहेर काढलं की जड होतं. विहिरीत वजन वर ओढताना ते पाण्यातून सुटतं, तेव्हा असा हिसका बसतो. इथे वजन खाली चाललं होतं. खाली जाता जाता ते पाण्यातून बाहेर पडलं होतं. आता ते खाली कुठेतरी मोकळ्या हवेत लटकत होतं आणि हळूहळू झुलत होतं. झोका त्यांच्या बोटांत स्पष्ट येत होता.

मग झोका थांबला आणि फीत सैल पडली.

वजन तळाला टेकलं तर फीत अशी सैल पडत नाही, तिला एक ठोका असतो. ही अलगद सैल झाली. लटकणारी वस्तू कुणीतरी तळहातावर घ्यावी आणि जरा उचलून बघावी, तशी.

सुधाकररावांनी चाक हलू दिलं नाही. भीती वाटत होती हे खरं, पण तिच्या खाली कितीतरी मोठं काहीतरी उसळत होतं. एवढी वर्षं ज्या प्रत्येक विहिरीत त्यांनी वजन सोडलं, तिने फक्त आकडा दिला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी ते हातात घेतलं होतं.

थोड्या वेळाने फीत पुन्हा ताणली गेली. सोडून दिल्यासारखी. त्यांनी चाक उलटं फिरवलं. वजन वर आलं, ओलं, चकचकीत. त्यांनी ते हातात घेतलं आणि चटकन टेबलावर ठेवलं. पितळ पाण्यातून आलं होतं, तरी कोमट होतं.

५

"रिकामा करा तो टँक," साधना म्हणाली.

त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. न सांगून राहणं त्यांना शक्यच नव्हतं. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि ती दिवाणावर बसून भेंडी चिरायची सोडून त्यांच्याकडे बघत होती.

"अगं, पण तुला कळतंय का? असं कुणाच्या आयुष्यात होतं?"

"नाही होत. म्हणूनच म्हणते, रिकामा करा."

"माणूस दिवसभर पंख्याकडे बघत होता तेव्हा तू रडायचीस, साधना. मला माहीत आहे."

साधनाने सुरी बाजूला ठेवली. "रडायचे. आणि तुम्ही हसायला लागलात तेव्हा त्या माशांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. ते खोटं नाही. पण अहो, तो मासा कुठे बघतो ते तुम्ही पाहिलंत का?"

सुधाकरराव टँककडे वळले. जाळी काढल्यापासून फौजदार खड्ड्याच्या तोंडावर तरंगत होता, शेपूट वर आणि डोकं खाली. कल्ले फुगवलेले, सुळे बाहेर. काचेपलीकडून माणूस आला की हे सोंग तो रोज त्यांच्याकडे तोंड करून करायचा. आज त्यांच्याकडे त्याची पाठ होती. तो खाली बघून गुरगुरत असल्यासारखा दिसत होता. आणि फौजदारीण पिल्लांना तोंडात धरून खड्ड्यात ठेवत नव्हती. ती त्यांना घेऊन पार उजव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे दडली होती.

"हे राखण करतात," सुधाकरराव म्हणाले.

"राखण करतोय, हो," साधना म्हणाली. "पण आपल्यापासून नाही."

त्या दिवशी दुपारी आंधी आली. आमेरच्या डोंगरांपासून सगळं पिवळं झालं, दोघं मिळून खिडक्या लावत घरभर धावली. ओट्यावर, देवघरात, उशांवर धूळ. ती पुसून सुधाकरराव हॉलमध्ये परत आले तेव्हा टँकमध्ये फौजदार नव्हता.

झाकण लावलेलं होतं, वर वीट ठेवलेली होती. त्यांनी तरी सोफ्याखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. टँकमध्ये कुंडीमागे, नळीमागे, ढिगामागे काही नव्हतं. खड्ड्याच्या काठावर तेवढी दोन-चार निळसर चांदीची खवलं पडली होती. फौजदारीण नळीमागे रुतून बसली होती आणि तिचा हळदीचा रंग उडून ती राखेसारखी झाली होती.

कोळंबीच काय, जिवंत मासाही एका घासात संपवणारं जनावर होतं ते. सुधाकररावांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या मागोमाग एक प्रश्न मनात आला आणि त्याने त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. तो काटा नुसता भीतीचा नव्हता. फौजदाराला नेऊ शकतं असं तिथे काय आहे?

६

"उद्या सकाळी रिकामा करू, शब्द देतो," असं त्यांनी साधनाला सांगितलं होतं, आणि शब्द पाळण्यासाठीच ते नाश्ता झाल्यावर पाइप घेऊन स्टुलावर चढले. फक्त एकदा शेवटचं बघायचं होतं.

तेवढ्यात वीज गेली. फिल्टर थांबला, पंखा थांबला. हॉलमध्ये अशी शांतता झाली की स्वयंपाकघरात साधना बांगड्या मागे सारून कणीक मळत होती तेही ऐकू येत होतं. पाण्यावरच्या लाटा विरल्या. खिडकीतून येणारं ऊन तिरपं पाण्यात शिरलं आणि खड्ड्यात उतरलं.

खाली उजेड होता.

फार खाली, रुपयाएवढा, गोल. सुधाकररावांनी तो लगेच ओळखला. विहिरीत वाकून बघितलं की तळाच्या पाण्यात आभाळाची अशीच टिकली दिसते आणि तिच्या कडेला एक काळा ठिपका असतो, तो म्हणजे आपलंच डोकं. तसा ठिपका इथेही होता. "मीच तो," ते पुटपुटले आणि त्यांना हायसं वाटलं. प्रतिबिंब. एवढंच.

त्यांनी डोकं डावीकडे नेलं. ठिपका हलला नाही.

त्यांनी डोकं मागे घेतलं, पुन्हा पुढे आणलं. ठिपका तिथेच, वाकलेला. मग त्याच्या बाजूने एक हात निघाला. एवढ्या लांबून हात कसा ओळखू आला हे त्यांना पुढेही सांगता आलं नाही, पण तो हातच होता. त्यातून काहीतरी सुटलं, बारीक, चमकणारं, आणि ते मोठं मोठं होत वर येऊ लागलं. थांबत थांबत, झुलत झुलत. ज्या बेताने ते स्वतः वजन सोडायचे, अगदी त्याच बेताने.

खालून कुणीतरी त्यांची खोली मोजत होतं.

सुधाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने, हे त्यांना पक्कं माहीत होतं. काल त्यांचं वजन कुणी हातात घेतलं होतं, आज त्यांची पाळी होती. साधं सौजन्य आहे, त्यांना वाटलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, बाही सारली आणि हात पाण्यात घातला. कोपर बुडालं, दंड बुडाला, खांदा बुडाला, गाल पाण्याला लागला. बोटं भोकात शिरली, आणखी खाली गेली. पाणी गरम होत गेलं आणि मग पाणी संपलं. बोटांना वारा लागला.

"अहो!"

कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. त्याच क्षणी कुणीतरी त्यांचा दुसरा हात धरला. दोन्हीकडून ओढ बसली. तोंड पाण्यात गेलं, डोळ्यांपुढे पिवळं झालं आणि वर कुठलं, खाली कुठलं ते काही समजेना. दोन्ही हात कुणाच्या तरी हातांत होते आणि दोन्ही हात उबदार होते.

"अहो! अहो, सोडा ते!" हाक आली, पाण्यातून यावी तशी घुमत. सुधाकरराव हाकेच्या दिशेने निघाले. सगळा जोर लावून.

ते हॉलच्या फरशीवर बसलेले होते, नखशिखांत ओले. साधना त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून टँककडे बघत होती. तिच्या बोटांची कणीक त्यांच्या मनगटाला लागली होती. ती स्टुलाच्या वरच्या पायरीवर एक गुडघा टेकून होती, म्हणजे तिनेही आत पाहिलं होतं.

"काय दिसलं तुला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

 साधनाने टँकवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग हात सोडला.

७

टँक त्यांनी त्याच दिवशी रिकामा केला. पाइप लावला, पाणी बाल्कनीतल्या मोरीत गेलं, वाळू वॉचमनच्या मदतीने पोत्यांत भरून खाली उतरवली. डाव्या कोपऱ्यातली वाळू काढली तेव्हा खाली काच निघाली, साधी, अखंड काच. सुधाकररावांनी तिच्यावरून हात फिरवला. आता त्यांना भीती वाटत नव्हती आणि चुटपुटही नव्हती. उलट इतकं मोकळं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. गुडघा दुखायचा पार थांबला होता. ते खाली-वर करत होते, वॉचमनशी थट्टा करत होते. संध्याकाळी अवनीचा फोन आला तेव्हा तिच्याशी इतके बोलले, इतके बोलले की शेवटी तीच म्हणाली, "बाबा, आज काय झालंय तुम्हाला? छान वाटतंय ऐकून."

फौजदारीण आणि तिची उरलेली पिल्लं बाल्कनीतल्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवली. साधनाच म्हणाली, बाळंतीण आहे, टाकून कशी द्यायची. सुधाकररावांना तिचं कौतुक वाटलं.

एकच गोष्ट जमेना. सकाळी ते कोळंबी घेऊन टबाशी वाकले की फौजदारीण टबाच्या पार दुसऱ्या कडेला जाऊन आपटायची. पिल्लांच्या आणि त्यांच्या मध्ये आडवी राहायची, कल्ले फुगवायची. हीच मादी आधी त्यांची पावलं ऐकून वर यायची, त्यांच्या बोटाला तोंड लावायची. हे मासे माणूस ओळखतात, निनादने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"बिथरलीय," सुधाकरराव म्हणाले. "होईल हळूहळू."

साधनाने त्यांच्या हातातून चिमटा घेतला आणि कोळंबी पाण्यावर धरली. फौजदारीण आली, अदबीने, आणि घेऊन गेली. नवऱ्याच्या हौसेपायी जिने नाक दाबून डबा सांभाळला, तिच्या हातून.

"बघ, तुझी मैत्रीण झाली," सुधाकरराव हसून म्हणाले.

साधना हसली नाही. ती टबाकडे बघत होती, मग त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा टबाकडे.

८

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सुधाकरराव बँकेतून परत आले. बाहेर लाही लाही होत होती, पण ते मेट्रो स्टेशनपासून चालत आले होते, शीळ घालत. जिन्यातच त्यांना पाण्याचा आवाज आला.

हॉलमध्ये टँक भरत होता. नळाला जोडलेला पाइप आत सोडला होता. तळाशी वाळू पसरलेली होती, नवी, पांढरी, नीट धुतलेली, हाताने सपाट केलेली. चार बोटं. आणि फौजदारीण तिच्यावर फिरत होती, पुन्हा हळदीसारखी पिवळी. डाव्या कोपऱ्यात ती तोंड भरभरून वाळू उचलत होती.

साधना स्टुलावर उभी होती. पदर खोचलेला, केस विस्कटलेले, गाल लाल. लग्न झालं त्या वर्षी कोयनेचं धरण बघायला गेलो होतो तेव्हा ही अशी दिसत होती, सुधाकररावांना वाटलं.

"अगं, हे काय?" ते म्हणाले. "तूच म्हणालीस ना, रिकामा करा."

"चूक झाली माझी. आता लवकर खणायला हवं," ती म्हणाली. तिचा आवाज आनंदाने थरथरत होता. "आधीच फार दिवस गेले. तिला मी सगळं समजावून सांगितलंय. बघा कशी करतेय."

"पण कशासाठी?"

साधनाने पाण्यातून नजर काढली नाही. "त्या दिवशी मी वाकून पाहिलं ना, तेव्हा खाली ते दिसले. वर बघत होते. चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक केले होते. मला बघून हात केला त्यांनी. ओरडतही होते काहीतरी, पण ऐकू आलं नाही. मला वाटलं, हे खाली आहेत, तर मी हात कुणाचा धरलाय?"

सुधाकररावांना हसू आलं. "अगं वेडे, मी तर इथेच आहे. तूच ओढलंस ना मला बाहेर?"

"ओढलं खरं," साधना म्हणाली. मग पहिल्यांदाच तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दारात आलेल्या अनोळखी माणसाला उन्हातून आलात म्हणून पाणी विचारावं, तशी ती नजर होती. "तुम्ही जरा तिकडे खुर्चीवर बसता का? तुम्ही जवळ आलात की ती घाबरते."

सुधाकरराव मागे सरकले आणि खुर्चीत बसले. मेट्रो गेली, तावदानं थरथरली. कोपऱ्यातला खड्डा आता काळा दिसू लागला होता. साधनाने नळ बंद केला. पाणी निवळू दिलं. मग दोन्ही हात काठावर टेकून ती वाकली, इतकी की तिची बट पाण्याला लागली, आणि हळूच, घरच्या माणसाला जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "अहो..."

सवयीने सुधाकरराव म्हणाले, "ओ."

तिने मागे वळून पाहिलं नाही.